कलेजीचा करारनामा

बहगत आणि फिक्री या जिवलग मित्रांना अलेक्झांड्रियात कलेजीच्या सँडविचचं दुकान काढायचं होतं. वकील महाग, म्हणून बहगतच्या घरी बसून ते फोनवरच्या एआयकडून भागीदारीचा करारनामा लिहून घेत होते.

एआयने विचारलं, "एखादा भागीदार वारला तर त्याचा वाटा कोणाला?"

"माझा बायकोला," बहगत म्हणाला.

"वहिनींबरोबर धंदा? त्यापेक्षा मीच आधी मरतो!" फिक्री खिदळला.

चहा घेऊन आलेली बहगतची बायको नागवा दारातच थबकली. "भाऊजी, जागा माझ्या बापाची, मसाला माझा, कलेजीही मीच परतणार. मग कोणी मरायची वाट कशाला बघायची? माझं नाव आत्ताच घाला."

बहगतने तिचं नाव आणि कामं टाइप केली.



एआयने अदबीने विचारलं, "बाकीच्या दोन भागीदारांचं काम काय लिहू?"