चोवीस किलो

कयाक छातीच्या उंचीपर्यंत आली आणि तिथेच अडली.

मिस्त्रींनी दोर मनगटाला एक वेढा देऊन पुन्हा ओढला. ती चार बोटं वर सरकली. गॅरेजचं छत अजून दीड हात लांब होतं. दंडात कळ आली, दोर तळव्यातून सुटला आणि कयाक धाडकन खाली, टेकू म्हणून ठेवलेल्या लाकडी घोड्यांवर येऊन पडली.

"झालं का हो?" आतून बायकोचा आवाज आला.

"होतंय. घाई काय आहे?"

घाई नव्हतीच. भीती होती.

छत्तीस वर्षं मिस्त्रींनी लिफ्टची कामं केली होती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी ही कयाक, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, घेतली आणि ती छताला टांगायची सोय स्वतःच्या हाताने केली. चार कप्प्या, दोन पट्टे, एक दोर. कयाकच्या बुडाशी वजन छापलेलं होतं, चोवीस किलो. एका हाताने दोर ओढावा आणि दुसऱ्या हाताने चहा प्यावा, अशी ती सोय होती. शेजाऱ्यांना त्यांनी तसं करून दाखवलंही होतं. मिशीला पीळ भरायचा तेवढा राहिला, कारण मिशी नव्हती.

दर रविवारचा क्रम ठरलेला. सकाळी दोन चाकांच्या गाड्यावरून कयाक गल्लीच्या टोकाच्या तळ्यावर न्यायची, तासभर वल्हवायचं, परत येऊन ती घोड्यांवर ठेवायची. मिस्त्रींना पुसापुशीचा भारी कंटाळा. ते आंघोळीला जात आणि बायको कयाक लख्ख पुसून ठेवी, अगदी सामान ठेवायच्या डिक्क्यांच्या झाकणांच्या कडांपर्यंत. मग मिस्त्री ती वर चढवत.

तीन महिन्यांपूर्वी कयाक उलटली होती. मासे धरणाऱ्यांनी मिस्त्रींना काठावर आणून टाकलं. "आता पुरे," बायको म्हणाली होती. "हात चालतायत तोवर चालायचंच," मिस्त्री हसत म्हणाले होते, आणि विषय तिथेच मिटला.

पुढे महिन्याभराने एका रविवारी दोर जड लागला. मिस्त्रींनी कप्प्यांना तेल दिलं. पुढच्या रविवारी आणखी जड. त्यांनी दोर बदलला. मग चारही कप्प्या उतरवून नवी बेअरिंगं घातली, छताचे हूक हलवून पाहिले. सगळं ठणठणीत. पाण्यावरही तीच रड. वल्ही मारून मारून खांदे भरून येत आणि पलीकडचा काठ काही जवळ येत नसे.

लिफ्टच्या धंद्यात एक रीत होती. वजन कोणी तपासत नाही, ते पाटीवर लिहिलेलंच असतं. दोर तपासायचा, कप्प्या तपासायच्या. दोन्ही ठीक निघाले की दोष मोटरचा.

इथे मोटर म्हणजे खुद्द मिस्त्री.

त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. बासष्टाव्या वर्षी पाण्याची बादली उचलवेना. मग एकेक गोष्ट हातातून गेली. दोन वर्षांनी त्यांना चमच्याने भरवावं लागे. डोळे मात्र शेवटपर्यंत शाबूत होते, सगळं बघत असायचे. हे सगळं मिस्त्रींच्या लग्नाआधीचं. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की बाबा आजारपणात गेले.

मिस्त्रींना आता बासष्टावं लागलं होतं.

ते गुपचूप एका तरुण डॉक्टरणीकडे जाऊन आले. तिने पकड पाहिली, रक्त तपासलं.

"काका, सगळं उत्तम आहे. होतंय काय नक्की?"

"कयाक वर ओढवत नाही."

"मग नका ओढू," ती हसली.

वडिलांच्या डॉक्टरांनाही पहिलं वर्षभर काही सापडलं नव्हतं. मिस्त्रींनी रिपोर्ट गाडीच्या कागदांखाली दडवला. त्या दिवसापासून ते कठडा धरून जिना उतरू लागले. कप दोन्ही हातांनी धरू लागले. बरणीचं झाकण घट्ट बसलं की न बोलता बायकोपुढे सरकवू लागले.

आज तिसऱ्यांदा दोर सुटला तेव्हा ते गॅरेजच्या फरशीवरच बसले. बायको दारात आली.

"अहो, असे काय बसलात?"

"विकून टाकली."

"काय?"

"कयाक. शाळेतली एक व्यायामाची बाई आहे. उद्या सकाळी घेऊन जाईल."

बायकोचा चेहरा उजळला. "बरं केलंत. वय झालं की माणसाने थोडं आवरतं घ्यावं. त्यात काय एवढं?"

"वय नाही गं." मिस्त्रींनी दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

आणि त्यांनी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. बादली, चमचा, ते डोळे. "मला भरवायची वेळ येईल तेव्हा कंटाळू नकोस," ते म्हणाले. "एवढंच मागतो."

बायको भिंतीला टेकली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"थोड्या वेळाने एकदा ओढून बघा. माझ्यासाठी."

"नको. आता हात लावायची हिंमत नाही."

तिने त्यांना उठवलं, हाताला धरून आत नेलं, पलंगावर निजवलं, अंगावर चादर घातली. भिंतीकडे तोंड करून मिस्त्री लहान मुलासारखे रडले. ती उशाशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्यांचा डोळा लागला.

मग ती गॅरेजमध्ये परत आली, दार आतून लावून घेतलं, कयाकच्या पुढच्या डिक्कीचं झाकण फिरवून उघडलं, आणि दर रविवारी एकेक करून आत ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या बाहेर काढू लागली.