टँकरची यादी

नव्व्याण्णवचा उन्हाळा. सांगलीच्या पाणीपुरवठा ऑफिसात आम्रपाली आठ दिवस एकाच कामाला चिकटून होती. एक्सएमएल एडिटर हा माहिती भरायचा प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायचा, म्हणजे वस्तीचं नाव टाकलं की तिथल्या पाण्याच्या टँकरच्या खेपा पडद्यावर येतील. रोज एक चूक काढावी, तर दुसरी निघायची. आज जतकडच्या गावाहून वडील आले आणि नेमकी आजच जोडणी जमली.

"बघ की आमू," स्टुलावर अंग चोरून बसलेले धोंडिराम म्हणाले, "आपल्या बौद्धवस्तीचा टँकर कवा हाय?"

तिनं नाव टाकलं. उत्तर आलं, शून्य नोंदी.

तिनं जोडणी तपासली. नोंदी शोधणाऱ्या क्वेरीची एकेक ओळ चालवून बघितली. गावातलाच पाटीलमळा टाकला, तीन खेपा. माळवस्ती, दोन. मग तिनं सबंध यादीच उघडली. गावकीनं लिहून दिलेला कागद जसाच्या तसा उतरवला होता. गावाच्या सगळ्या वस्त्या त्यात होत्या, त्यांची बौद्धवस्ती तेवढी नव्हती. आठ दिवस चुकांना शिव्या घालणारी आम्रपाली आता एखादी तरी चूक सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा तीच क्वेरी चालवत राहिली. एकही सापडली नाही.

"काय झालं गं? मशीन बिघडलंय व्हय?"

"व्हय आबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "बिघडलंय."

धोंडिरामांचा चेहरा सैलावला. "मग व्हईल की दुरुस्त. मला वाटलं, हितंबी आपल्याला गाळलं."