मिरचीचं दुखणं

परसातल्या मिरचीचे शेंडे पिळवटले होते आणि नवी पानं दोरीसारखी बारीक निघत होती. शेजारीण बोकड्या रोग म्हणून मोकळी झाली. पण चांगुणाबाईंनी पान अन् पान उलटून पाहिलं, तर तो रोग आणणारे ना फुलकिडे दिसले, ना पांढरी माशी. तेवढ्यात सून सत्यशीला पाण्याची बादली घेऊन आली.

"लांबच थांब," चांगुणाबाई म्हणाल्या. "इटाळाचा हात लागला की मिरची अशीच जाती."

"आत्याबाई, ह्यांनी उसात तणनाशक मारलं आन् तोच पंप न धुता मिरचीवर फवारला. त्यानं झालंय हे."

"माझ्या हरिओमच्या माथी मारू नको. दिवाळी होऊन संक्रांत आली, तू एकदाबी बाजूला बसली न्हाईस. तशीच सगळीकडं शिवून राहिलीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

सत्यशीलानं बादली खाली ठेवली. "बसायची येळच आली न्हाई, आत्याबाई," ती हळूच म्हणाली.

चांगुणाबाईंनी हातातलं पिळवटलेलं पान टाकलं आणि तिच्या पोटाकडे पाहिलं. मग त्यांनी ते झाड मुळासकट उपटलं, शेजारचंही उपटलं.

"त्या हरिओमला पंप धुवायची अक्कल कवा येणार, कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "बाजारातून नवी रोपं आणते मी. पण लावायची तुझ्याच हातानं."