शेवटचे हॉप्स

बेथनीला कळा सुरू झाल्या तेव्हा गॅरेजमध्ये तिच्या बीअरचं पातेलं रटरटत होतं आणि शेजारी हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवट चव नि वास देणाऱ्या वाळलेल्या फुलांच्या, दोन पुड्या ठेवल्या होत्या.

"अगं बाई, दवाखान्यात चल!" क्लाइड गाडीची किल्ली नाचवत ओरडला.

"थांब रे. शेवटचे हॉप्स गॅस बंद करताना टाकायचे असतात. आधी टाकले तर वास उडून जातो."

शेवटी त्याने शेजारच्या गल्लीतल्या मॉरीन सुईणीला बोलावलं. ती धापा टाकत आली आणि आधी पातेल्यावरच वाकली.

"संत्र्याच्या वासाचे टाकणार की पाइनच्या?"

"तेच तर ठरत नाहीये गं!" बेथनी कण्हली.

"वेड लागलंय तुम्हा दोघींना!" क्लाइड म्हणाला. "माझं पहिलं पोर आहे. मी त्याच्याजवळ असणार, पातेल्याजवळ नाही."

मॉरीनने बेथनीला घरात नेलं. जाताना बेथनीने दोन्ही पुड्या त्याच्या हातात कोंबल्या. "पाचच मिनिटं बघ रे. तूच ठरव."

पाच मिनिटं संपतच आली होती, तेवढ्यात आतून बाळाचा टाहो ऐकू आला. क्लाइड दाराकडे झेपावला आणि उंबऱ्यातूनच परत फिरला. त्याने दोन्ही पुड्या हुंगल्या, पुन्हा एकदा हुंगल्या, गॅस बंद केला, संत्र्याच्या वासाचे हॉप्स टाकून नीट ढवळले, वर झाकण ठेवलं, आणि मग बाप व्हायला आत पळाला.