पाण्याचा हात

“भाकरी लाटतात का कुठं?” सहा वर्षांची सुगंधा नाक मुरडून म्हणाली. महिन्यापूर्वी अनाथाश्रमातून दत्तक आणलेली ही पोरगी मेधाच्या हातच्या प्रत्येक घासाला नावं ठेवायची. “माझी खरी आई थापायची. टम्म फुगायची तिची.”

मेधाने लाटणं बाजूला ठेवलं आणि परातीत गोळा थापायला घेतला. भाकरीच्या कडेला भेगाच भेगा.

“शी! कुत्रंसुद्धा हुंगणार नाही.”

तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवायचा, तर वाटी रिकामी. “थांब, बाहेरून पाणी घेऊन येते,” म्हणत मेधा दाराकडे वळली.

सुगंधाने झडप घालून तिची ओढणी धरली. मूठ सुटेना, तोंड मात्र वाकडंच. “तीपण पाणी आणते म्हणूनच गेली होती. कोरडीच भाज. तसंही तुला कुठं येतंय!”