तोंड न उघडता

धाकूने कागदावर गुण्या ठेवला, एक डोळा मिटून पाहिलं आणि कागद अक्षताकडे परत सरकवला.

"ह्यो काटकोन नाय गो."

काटकोन तपासायचा सुताराचा लोखंडी गुण्या खोटं बोलत नाही. अक्षताने काढलेल्या खोक्याचा एकही कोपरा त्याला जुळत नव्हता. तिला हसू आलं. चित्राला गुण्या लावून बघणारा माणूस तिच्या बापाशिवाय दुसरा कोण असणार?

"बाबा, कागदावर तो दिसतच नाही. ही उभी रेषा म्हणजे उंची. तिच्या पायापासून उजवीकडे तीस अंशांत लांबी, डावीकडे तीस अंशांत रुंदी. हे तीन अक्ष. सगळी मापं ह्यांच्यावरच घ्यायची."

"म्हणजे लांबी खरी, कोन खोटो."

"हां."

"तसा सांग मगे."

गुरुवारची संध्याकाळ होती. सोमवारी सकाळी धाकूचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्रात होती, त्यामुळे स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर धाकूने एकच प्रश्न विचारला होता: मग गिऱ्हाइकाला समजवायचं कसं? मुलुंडमधली कितीतरी स्वयंपाकघरं त्याने तोंडाने सांगून आणि हवेत हात फिरवून ठरवली होती. चित्र आयुष्यात एकही काढलं नव्हतं. अक्षता इंजिनियर होती. तिने ऑफिसातून रजा घेतली आणि म्हणाली, चार दिवसांत शिकवते.

आधी तिने डोळ्यांना दिसतं तसं चित्र दाखवलं होतं, लांब जाणारी बाजू लहान होत जाणारं. त्यातल्या टेबलाचा मागचा पाय पुढच्यापेक्षा आखूड होता. "असला टेबल दिलंय तर गिऱ्हाईक माका मारतला," धाकू म्हणाला. म्हणून तिने ही दुसरी पद्धत घेतली. हिच्यात मागचं पुढच्याएवढंच राहतं.

शुक्रवारी स्टूल झालं, मग खोकं. पण हात अडला की धाकू तोंडाने सांगायला लागे: इथे आतून पट्टी येते, इथे फळी अर्धा इंच आत. आवाज घोगरा झाला होता, तरी सांगणं थांबेना. शेवटी अक्षताने नियम केला. जे सांगायचं ते कागदावर. जो बोलेल तो नापास.

शनिवारी तिने स्वयंपाकघरातून सहज विचारलं, "बाबा, साखर किती?"

"अर्धो चमचो."

"नापास."

त्याने कपाळावर हात मारला आणि खोकला येईपर्यंत हसला. त्यानंतर तिने दिवसभरात तीनदा त्याला असंच पकडायचा प्रयत्न केला. रिमोट कुठे आहे, किती वाजले, पंखा वाढवू का. तो सापडला नाही. तिसऱ्या वेळी त्याने नुसती भुवई उडवली.

रविवारी गावाहून त्याच्या बहिणीचा फोन आला. धाकूने फोन बायकोच्या, सुलक्षणाच्या, हातात दिला आणि पेन्सिल उचलली. फोन ठेवल्यावर सुलक्षणा चिडली. "अजून आवाज आसा, तवसर बोला तरी."

"आई, सवय होऊ दे गं त्यांना," अक्षता म्हणाली.

धाकू स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचे ड्रॉवर कागदावर काढत होता. आतल्या, न दिसणाऱ्या कडा त्याने तुटक रेषांनी दाखवल्या होत्या. तिने हे एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशी तो एक शब्दही बोलला नाही. अक्षता खूश होती.

सोमवारी साडेसात वाजता तो हिरव्या गाऊनमध्ये ऑपरेशन थिएटरबाहेर ट्रॉलीवर होता. मामाला कळवायला अक्षताने फोन काढला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. फोनमध्ये बाबांचे दोनशे फोटो होते. आवाज नव्हता. गणपतीच्या व्हिडिओत टाळ होते, लग्नाच्या व्हिडिओत बँड. तो फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलायचा नाही, तेही तिने कधी साठवलं नव्हतं.

तिने रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

"बाबा, काहीतरी बोला ना."

त्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डोळे बारीक केले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, खरंच बोला. काहीही."

त्याने मान हलवली. सुलक्षणाच्या पिशवीतून वही मागितली, खुणेनेच. नर्सने दोन बोटं वर केली: दोन मिनिटं. धाकू कोपरावर टेकून जरासा उठला. समोरच्या ज्या बाकावर सुलक्षणा बसली होती, तो बाक त्याने काढायला घेतला. आधी तीन रेषा. मग बैठक, मग पाय, मागचे पुढच्यांएवढेच. खालच्या न दिसणाऱ्या पट्ट्या तुटक. शेजारी नजरेने घेतलेली मापं.

"बाबा, बोला."

त्याने शेवटची रेषा पुरी केली, वही दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली आणि निकालाची वाट बघत राहिला.

ते रेकॉर्डिंग एक मिनिट पन्नास सेकंदांचं आहे. त्यात पेन्सिल ऐकू येते, आणि शेवटी ट्रॉलीची चाकं. बोलणारं माणूस एकच आहे, अक्षता. ती तीनदा म्हणते, बाबा, बोला. मग ती म्हणते, "पास."