बाईंचा बँड

तीस वर्षं जॅझ गाणाऱ्या बाईंना माणसांचे चेहरे वाचता यायचे. हल्ली त्या तालमीला आल्या की त्यांच्याच बँडचे वादक एकदम गप्प व्हायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं. नवी गायिका आणायचा घाट असणार. एके सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या आणि त्यांनी पियानोवादकाची वही उघडली. प्रत्येक गाण्याची पट्टी खोडून खालची लिहिली होती. “ही खोडाखोड कुणासाठी?” तो येताच त्यांनी विचारलं. “तुमच्यासाठीच, बाई,” तो चाचरला. “वरचे सूर लागत नव्हते. दोन वर्षं झाली.” बाई मटकन बसल्या. दोन वर्षं आपल्याला कळलंच नाही? आता संशय स्वतःच्याच कानांचा आला. तोवर आलेले बाकीचे वादक दाराशीच खोळंबले. शेवटी बाई उठल्या, माइकपुढे उभ्या राहिल्या. “यापुढे पट्टी उतरवायची तर मला विचारून. बँड माझा आहे. चला, वाजवा, खालच्याच पट्टीत.”